हाजींच्या दारातली लाकडं

सभेचे अध्यक्ष, आपल्या ऑलिव्ह बागायतदार संस्थेचे आधारस्तंभ हाजी तिजानी. त्यांच्या शेजारी बसलेले, म्हणजे बसवलेले, सत्कारमूर्ती कीड-अधिकारी लझहरसाहेब. आणि जेवण उरकूनही न उठलेल्या माझ्या गावकऱ्यांनो!

साहेबांची बदली तोझरला झाली. जन्म ऑलिव्हच्या किडींत घालवलेल्या माणसाला खजुराच्या बागा! केवढा हा सन्मान! अध्यक्षांनीच ट्युनिसला शब्द टाकला म्हणतात. लोकांच्या तोंडाला काय हो, हात लावता येतो थोडाच?

साहेबांचं कार्य काय वर्णावं? आल्या आल्या म्हणाले, "हाजी, माशी टपोऱ्या फळात आधी अंडी घालते. तुमची मेस्की जात टपोरी, ती सांभाळा. सालिहाबाईंची शेमलाली बारीक, तिला त्रास कमी." हाजी भडकले, "माझ्या झाडांना नावं ठेवतोस?" माशीनं मात्र साहेबांचंच ऐकलं.

यंदा लाकडांवरून वाजलं. छाटणीची लाकडं दारात रचायची, ज्याची रास उंच त्याचं घर मोठं, ही आपली रीत. हाजींची रास तर रस्त्यावरून दिसायची. साहेब म्हणाले, "यात भुंगेऱ्यानं अंडी घातलीत. बाहेर पडला की मेस्की बघणार नाही, शेमलाली बघणार नाही. त्याआधी जाळा." आम्ही सगळ्यांनी जाळली. हाजी गरजले, "माझी अब्रू जाळू?" आणि आठवड्यात बदलीचा हुकूम! योगायोग, दुसरं काय.

ही सालिहा मात्र घाबरली. खोटं कशाला बोलू? माझी बाग हाजींच्या कुंपणाला लागून. नवरा गेल्यावर त्या झाडांनीच माझी लेकरं वाढवली. भुंगेरा कुंपण बघून थांबणार होता का?

आजच्या रोट्यांचं काम आम्हा बायकांकडे आलं. हाजी चार दिवस ट्युनिसला. मी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोला, हज्जा मन्नूबियांना विचारलं, "भट्टीला लाकडं देता का?"

त्या म्हणाल्या, "सगळी ने गं बाई! निदान दारात उजेड तरी येईल."

गावातल्या साऱ्या भट्ट्या पेटल्या. काडीसुद्धा उरली नाही. हाजी आज गाडीतून उतरून थेट इथंच आले, त्यामुळे दार अजून बघायचंय.

अध्यक्षमहाराज, रोटी खरपूस झालीय म्हणून आपण दोनदा मागून घेतलीत. सगळ्या बायकांतर्फे आभार! लझहरसाहेब, तुमचं काम पुरं झालं, निर्धास्त जा. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर हाजींनी रोटीसोबत तेही पोटात घालावं.