डॉक्टरांच्या नावावर

माझ्या बायकोला, मंजुळेला, मी फसवलं. दुसऱ्या कुणी नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं पळवाट नको.

मी पोशेऱ्याचा. दोन शेळ्यांवरनं सुरू केलं, आज मोखाडा नि जव्हार दोन्ही बाजारांत शेळ्या घेतो-विकतो. पोटावर हात ठेवला की सांगतो, चारून आणलीय की मीठ-पाणी पाजून फुगवलीय. भाव पाडायचा तर म्हणायचं, पलीकडचा कमीत देतोय. पलीकडं कुणी नसतो.

मंजुळेला साखर होऊन पंधरा वर्षं झाली. गेल्या वर्षापासून ती दोन घासांत ताट सारायची, अवो, पोट गच्च झालं म्हणायची, आणि मला वाटायचं, ही भावजयीकडं चोरून भात खाऊन येते. मला राग आला की काही दिसत नाही. म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलंय, भात बंद, नागलीची भाकर नि रानभाजी, आणि ताट पुसून खायचं. डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं.

काय सांगू तुम्हाला, डॉक्टरांचा शब्द म्हणून ती खायची, मी समोर बसून बघायचो, आणि दुसऱ्या दिवशी उलटी, उलटीत कालची भाकर तशीच. मी म्हणायचो, चावत नाहीस नीट. एका दुपारी इन्सुलिनची सुई घेतली, जेवली, आणि घामानं भिजली, मला ओळखेना.

नाशिकला नेलं. सकाळी तोंडातनं दुर्बीण घातली, तर रात्रभर उपाशी ठेवूनही पोटात भाकर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखरेनं पोटाच्या नसा बिघडल्यात, अन्न पुढं सरकत नाही, सुई मात्र काम करून मोकळी होते, म्हणून त्या दुपारी साखर एकदम उतरली. इतकं चोथ्याचं खायला कुणी सांगितलं?

मंजुळा म्हणाली, "मोखाड्याच्या दवाखान्यातनंच सांगितलं ना बाई. हे बोलले मला."

मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं. बाईंना म्हणाली, माझंच ऐकण्यात चुकलं असंल.

आता पातळ पेज, थोडी थोडी, दिवसातनं सहा वेळा. मीच शिजवतो, मीच गाळतो. कधी पोटात राहते, कधी नाही. पूर्ण बरं होईलच असं नाही म्हणतात. ती वाटी घेते, पिते, आणि नाशिकच्या त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढत नाही.

एरवी मी कुणाला सोडत नाही, मग मला का सोडतेय ही? तिनं एकदा समोर बसून विचारावं, डॉक्टरांचं नाव का घेतलं. भांडावं, शिव्या घालाव्या. जाब मी देणार आहे, पण मागितला पाहिजे तिनं.