एका निरीक्षणावर बोलायचं नाही

—तबकडीच म्हणतात तिला, पण गाण्याची नव्हे हो! भिंतीवरचं ते चित्र बाबांनीच टिपलेलं. मधला ठिपका म्हणजे तारा, आत्ता आत्ता जन्मलेला, भोवती वायू आणि धूळ गरगरतेय, तीच तबकडी. आणि ती काळी फट दिसतेय? तिथे ग्रह तयार होतोय, वाटेतली धूळ गिळत. ती फट बाबांनी शोधली, म्हणून तर मासिकानं तुम्हाला पाठवलंय. बसा, आवरतायत ते. मी? मी मुलगा. हो, तोच — त्यांच्याच हाताखालचं संशोधन अर्ध्यावर सोडलेला. लोक म्हणतात, झेपलं नाही. म्हणू देत.

एक करा. फट खरी आहे हे कसं ठरवलंत, एवढं मात्र विचारू नका. बाकी काय हवं ते विचारा. कारण हे विचारलं की बाबा खुलतात, आणि तो नियम सांगतात — अंधूक काही दिसलं म्हणून हुरळायचं नाही, दुर्बीण फसवते, हवा फसवते, तीन वेगवेगळ्या वेळी तेच दिसलं तरच खरं. ‘एका निरीक्षणावर बोलायचं नाही.’ लहानपणी पाढ्यांच्या आधी पाठ झालंय मला हे. उत्तम नियम आहे. धुळीसाठी.

आई ओट्यापाशी चक्कर येऊन पडली, तेव्हा मी म्हटलं, डॉक्टरकडे नेऊ. बाबा काय म्हणाले असतील? बरोबर, तेच! वर हसले. आणि आईही हसली, कपाळावर हे एवढं टेंगूळ — मी ताटावरून उठलो तर मलाच दटावलं, ‘ते म्हणतायत ना, मग बस की गप.’ मग न्हाणीघरात पडली. बाबा म्हणाले, दोन झाली. अहो, म्हणाले! चेष्टेत, पण म्हणाले. एवढा मोठा माणूस, कुठल्या कुठल्या ताऱ्याजवळची केसाएवढी फट दिसते त्याला, आणि शेजारी बसलेली बाई नुसतं ताट चिवडतेय, बांगड्या कोपरापर्यंत सरकतायत तिच्या — ते नाही दिसत? तिसऱ्यांदा पडली ती उठलीच नाही. हृदयाचे ठोके मधेच थांबत होते म्हणे. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतंत तर — बाबांनी मान हलवली, विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आलं की हलवतात ना, तशी. मी त्यानंतर प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नाही. त्यांच्याशी धड बोलतही नाही. राग येतो — राग कसला, मला ते — जाऊ दे. हे छापू नका.

श्श. ऐकलंत? ‘अगं, माझा निळा शर्ट कुठाय?’ अगं म्हणाले. मला ते अरे म्हणतात. रोज होतं हे — हाक मारतात, मग लक्षात येतं, मग दाराआड नुसते उभे राहतात. ती शांतता ऐकवत नाही मला. म्हणून त्यांच्या लक्षात यायच्या आत मीच ओ देतो — नाही, तुम्ही निघा आता. त्यांना असं कुणी पाहायला नको. नंतरही येऊ नका. दार हळू ओढून घ्या.

आलो, बाबा. इस्त्री करून ठेवलाय, आणतो.