स्टूलवरचे डॉक्टर

…नाही, पण मी विचारलं तरी काय होतं? सांगा ना! बायकोच्या लिव्हरवर गाठ, ती काढायची, पोटाला चार-पाच बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीनं काढायची, हे डॉक्टरबाई स्वतःच्या तोंडानं सांगतायत, मी समोर बसलोय, आणि मी एवढंच विचारलं, "म्हणजे पोट फाडणार नाही. हो की नाही?" झालं! यात काय कारस्थान आहे? यात कुणाची बदनामी आहे? दोन शब्द आहेत, त्यातला एक उचलायचा आणि समोरच्याच्या पदरात टाकायचा, काय जातं? तर बाई म्हणतात, "छिद्रांतूनच करायचं असं ठरवून आत जाणार आहे. पण हट्ट धरून जाणार नाही."

हे उत्तर आहे?

तुम्हाला सांगतो, मी उभा जन्म बातमीदारी केली. मंत्री म्हणू नका, ठेकेदार म्हणू नका, बँक बुडवून बसलेले चेअरमन म्हणू नका, एकेकाला कोपऱ्यात गाठून विचारलंय, हो की नाही! एक तर माझ्या भीतीनं संडासात जाऊन बसला होता. मी दाराबाहेर उभा. अर्धा तास उभा! शेवटी आतून केविलवाणा आवाज आला, "हो…" दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर! आणि ही बाई, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढी, माझ्याकडे अशी बघते की जणू मी पोहता येत नसताना खोल पाण्याची चौकशी करतोय.

मी म्हटलं, "बाई, टक्के सांगू नका, हो की नाही सांगा."

"लिव्हर म्हणजे रक्तानं भिजलेला स्पंज आहे," बाई म्हणाल्या. "गाठ मागच्या बाजूला आहे, मोठ्या शिरेला खेटून. आम्ही आधी पोटात गॅस भरतो, म्हणजे आत जागा होते…"

"गॅस? पोट आहे की टायर?"

"…मग लिव्हरवरच सोनोग्राफीचा दांडा टेकवून शिरा कुठून कुठे जातात ते बघतो. लिव्हरला येणाऱ्या रक्तवाहिनीभोवती पट्टी टाकून ठेवतो. कापताना आवळायची, थोड्या वेळानं सोडायची, लिव्हरला श्वास घेऊ द्यायचा, परत आवळायची. भूल देणारे डॉक्टर शिरांमधला दाब कमी ठेवतात. रक्त आलंच तर आधी दाबायचं, मग बघायचं, मग टाका. न बघता चिमटा लावायचा नाही."

हे सगळं मी टिपून घेतलं, सवयच आहे, आणि वर बघून विचारलं, "आणि एवढं करून फाडणार नाही. हो की नाही?"

बाई पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "अजून एक सांगते. माझ्याबरोबर एक सिनियर सर्जन असतील. ते बाजूला स्टूलवर बसतील."

"बरं. आणि?"

"आणि बघतील."

"बघून करतील काय?"

"काही नाही. हात लावणार नाहीत. फक्त त्यांना वाटलं, तर 'पुरे' म्हणतील. ते पुरे म्हणाले की मी थांबते आणि पोट उघडते. त्यावर वाद घालायचा नाही, हा आमचा नियम आहे."

आता तुम्हीच सांगा! अंगात रक्त असलेल्या कुठल्याही बातमीदाराचे कान टवकारतील की नाही? एक धडधाकट, शिकलासवरलेला, केस पिकलेला सर्जन, माझ्या बायकोच्या ऑपरेशनमध्ये स्टूलवर बसणार! कापणार नाही, शिवणार नाही, नुसता बघणार! अहो, आमच्या ऑफिसात असे चार होते, त्यांच्यावर मी मालिका लिहिली असती, पण ते संपादक निघाले.

आणि बायको? ती नव्हती बरोबर. ती पोहायला शिकवते. पोरं पाण्यात सोडून येणार कशी, म्हणून पुढची बोलणी करायला मी एकटा गेलो होतो. घरी आलो. ती ओल्या केसांनी, टॉवेल खांद्यावर, दारातच उभी. म्हणाली, "काय म्हणाल्या हो?"

इथे मला तुम्हाला एक सांगितलं पाहिजे. आमच्या सासूबाईंचं पोट उघडलं होतं. फार पूर्वी, दुसऱ्याच कशासाठी. त्यानंतर त्या सरळ उभ्या राहिल्याच नाहीत. एका अंगानं वाकून, भिंतीला हात लावत चालायच्या, शेवटपर्यंत. ही तेव्हा लहान होती. त्यामुळे गाठ कळली त्या दिवशी ही गाठीबद्दल एक शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली, "आईसारखं पोट फाडणार असतील तर मी नाही हं जाणार. आहे ते राहू दे."

तर ती दारात उभी. मी चपला काढतोय. एक काढली, दुसरी काढली, परत पहिली नीट लावली…

"अहो, फाडणार नाहीत ना? हो की नाही?"

मी म्हटलं, "हो. म्हणजे नाही. नाही फाडणार."

कुणाचंही वाक्य मी कधी बदललं नव्हतं हो! शिव्या दिल्या तर शिव्या छापल्या. आणि डॉक्टरबाईंचं "ठरवून जाते, हट्ट धरून जाणार नाही" हे अख्खं वाक्य मी चपलांच्या रॅकवर ठेवलं आणि घरात एक "नाही" घेऊन गेलो. ती हसली. म्हणाली, "मग करून टाकू."

तर ऑपरेशनचा दिवस. ढकलगाडीवरून तिला नेलं, ती माझा हात सोडता सोडता म्हणाली, "कुणाशी भांडू नका." मी कुणाशी भांडतो? दार बंद झालं. मी बाहेर. त्या खुर्च्या माहितीयत ना तुम्हाला, एकमेकींना जोडलेल्या, एक जण उठला की सगळे हलतात? त्यातल्या एकीवर मी. भिंतीवर पडदा, त्यावर पेशंटचा नंबर आणि समोर "शस्त्रक्रिया सुरू". बास! एवढीच बातमी! अहो, क्रिकेटचा स्कोअर चेंडूगणिक सांगता, आणि इथे माणूस आत आहे तर "सुरू"? सुरू म्हणजे काय? मधलं काय?

शेजारी एक मावशी स्वेटर विणत बसल्या होत्या, त्यांच्या यजमानांचा गुडघा आत होता. म्हणाल्या, "तुमचं कोण?" मी म्हटलं, "बायको." "काय झालंय?" "लिव्हर." "अगंबाई! फाडणार?" मी म्हटलं, "दुर्बिणीनं." "हो, पण फाडणार? हो की नाही?"



तेवढ्यात फोन. मेहुणा. हिचा थोरला भाऊ. बोलतो असा की पलीकडच्या वॉर्डातले पेशंट उठून बसतील. "भावजी! काय चाललंय? उघडलं की नाही उघडलं? सरळ सांगा! तुमचं ते पेपरातलं नको!" मी म्हटलं, "अरे, आत आहेत." "ते कळलं! हो की नाही?" मी म्हटलं, "ठरवून गेल्यायत. हट्ट धरून गेलेल्या नाहीत." मग म्हणाला, "भावजी, तुम्ही चहा घेतलाय का?"

बरं, मी गप्प बसेन तर शपथ. मी काउंटरवर गेलो. तिथली मुलगी कॉम्प्युटरमध्ये बघत, "सर, शस्त्रक्रिया सुरू आहे." मी म्हटलं, "ते पडद्यावर आहे. मला सांगा, स्टूलवर कोण बसलंय?" "सॉरी सर?" "आत एक डॉक्टर नुसते बसलेत. ते काही बोलले का?" ती पोरगी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "सर, तुम्ही बसा ना." मी म्हटलं, "मी बसलो तर काय, तिकडे ते बसलेतच की!"

परत आलो. खुर्ची. मावशींच्या सुया. टिक, टिक. आणि तुम्हाला सांगतो, एका क्षणी मनात असं आलं, की ते स्टूलवरचे डॉक्टर तोंड न उघडता बसू देत. मुका माणूस असू दे. झोपलेला असला तरी चालेल! पुरे म्हणू नका, बाबा. कारण तुम्ही पुरे म्हणालात की हिचं पोट उघडणार, आणि ही शुद्धीवर येऊन पहिला हात पोटावर ठेवणार, आणि दुसऱ्या हातानं माझा शोध घेणार…

आणि दार उघडलं.

बाहेर एक उंच, हिरव्या कपड्यातला, पिकल्या केसांचा माणूस. मास्क हनुवटीवर. मी कपड्यांकडे बघितलं. एक डाग नाही! इस्त्री मोडलेली नाही! ओळखलंच मी. मी उठलो, मावशींसकट सगळी रांग हलली.

"तुम्ही स्टूलवाले?"

"हो," ते म्हणाले. बघा! सरळ उत्तर! आणि मला ते नको होतं.

"मी पुरे म्हटलं," ते म्हणाले. "आता पोट उघडलंय."

मी खुर्चीची पाठ धरली. मी म्हटलं, "जिवंत आहे? हो की नाही?"

"हो. गाठ जवळजवळ सुटली होती, मागची शीर पाझरायला लागली. त्यांनी दाबून धरली, थांबली. सोडली, परत पाझरली. कॅमेऱ्यासमोर लाल. त्यांनी टाका मागितला. दुसऱ्यांदा मागितला, तेव्हा मी पुरे म्हटलं."

"का? त्यांना जमलं नसतं?"

"कदाचित जमलं असतं." ते माझ्या शेजारी बसले. हा माणूस कुठेही बसतो! "असं बघा, ज्याच्या हातात चिमटा असतो ना, त्याला नेहमी वाटतं, अजून थोडंच राहिलंय. तो थोडंच, थोडंच करत राहतो. माझ्या हातात काही नसतं. म्हणून मला दिसतं."

"आणि त्या काही बोलल्या नाहीत?"

"नाही. दाबून धरली आणि म्हणाल्या, उघडू या. उघडलं तर शीर समोरच होती. बांधताहेत. माझे हात रिकामे, म्हणून सांगायला मी आलो."

मला प्रश्न सुचेना! मला! ते उठले, आत गेले, आणि मी त्यांच्या कोरड्या कपड्यांकडे बघत राहिलो. मावशींनी स्वेटर खाली ठेवून माझा हात धरला.

मग किती वेळ गेला, विचारू नका. मेहुण्याचा फोन वाजत होता, मी खिशातल्या खिशात तो दाबत होतो. आधी दाबायचं, मग बघायचं. पुन्हा दार उघडलं तेव्हा डॉक्टरबाई होत्या. टोपीची खूण कपाळावर उमटलेली. म्हणाल्या, "गाठ पूर्ण निघाली. रक्त फार गेलं नाही. त्या ठीक आहेत." मी म्हटलं, "नक्की? हो की…" आणि बाई हसल्या. म्हणाल्या, "हो."

हिला भेटायला सोडलं तेव्हा मी पडद्याआड उभा राहून तीनदा घसा खाकरला. भाषण तयार होतं. अगं, परिस्थिती अशी उद्भवली की… छे, हे तर ठेकेदाराचं वाक्य! ही डोळे मिटून पडलेली. ओठ सुकलेले. हात पोटावर, जाड पट्टीवर.

मी म्हटलं, "अगं… ते पोट… त्यांना जरा…"

"उघडलं," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच. "माहितीये."

"कुणी सांगितलं?"

"तुम्ही बोलणी करायला जायच्या आधीच सांगितलं होतं डॉक्टरांनी, की तसं होऊ शकतं. मला विचारल्याशिवाय करतील का हो? पोट माझं आहे."

"आणि तरी तू तयार झालीस? आईंचं…"

"मी त्यांना एकच विचारलं. म्हटलं, काठावर कोण बसतंय?"

"काठावर?"

ती बोलताना थांबत होती, पट्टीवर हात दाबून धरत होती. "आमच्या तलावावर… एक जण उंच खुर्चीत बसतो. पाण्यात उतरत नाही. आम्ही पाण्यात असतो, आम्हाला वाटतं सगळी पोरं दिसतायत… नसतात दिसत. त्याला दिसतात. त्यानं शिट्टी मारली की बाहेर. त्याच्याशी वाद घालत नाही कुणी. डॉक्टर म्हणाल्या, आमच्याकडे स्टूल आहे. म्हटलं, मग चला."

मी म्हटलं, "मग त्या दिवशी दारात मला कशाला विचारलंस?"

"तुम्ही काय सांगता ते बघायचं होतं," ती म्हणाली. "आणि… खोटं म्हणून का होईना, बरं वाटलं हो ऐकायला."

आता बोला! उभा जन्म प्रश्न विचारण्यात गेला, आणि जो विचारायला हवा होता तो हिनं विचारला, ओल्या केसांनी! आणि माझ्याच घरातली बातमी मला सगळ्यांच्या शेवटी कळली!

आता घरी आणलंय तिला. सरळ चालते. हळू चालते, पण सरळ. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, त्यामुळे स्वयंपाक माझ्याकडे आलाय. आणि ही? हिनं स्वयंपाकघराच्या दारात एक उंच स्टूल मागून घेतलंय. त्यावर बसते. हात मांडीवर. काही करत नाही, कशाला हात लावत नाही, नुसती बघते. मी भाजीत मीठ टाकतो, चव बघतो, वाटतं, अजून थोडंच हवंय, डब्यात परत हात घालतो, तेवढ्यात दारातून आवाज येतो, "पुरे!"

आणि तुम्हाला सांगतो… मी थांबतो. वाद घालायचा नाही, असा नियम आहे.