सूप थांबलं की

तुम्ही म्हणाल, भास झाला असेल. त्या दिवशी मी नेहमीसारखा चहा पीत होतो. बायको तूर अर्धी पाखडून शेलूबाजारला गेली होती. तिथूनच अपघातात ती गेल्याचा फोन आला.

दहावीतली आमची पोरगी रोज पाखडणाऱ्या आईसमोर धडा तोंडी सांगायची. ती अडखळली की आईचं सूप थांबायचं. मग धडा पुन्हा पहिल्यापासून.

तेरवीनंतर पोरगी स्वयंपाकघरात एकटीच धडा सांगायला बसली. मी ओसरीवर होतो. मधेच ती गप्प झाली.

"काहून थांबली वं?"

"चुकलं वाट्टे, बाबा. आईचं सूप थांबलं."

मला दटावायचं होतं. पण इतका वेळ ते सूप मलाही ऐकू येत होतं.

ती तूर अजून पाखडायची राहिली आहे.