पावाचा काप झाकणारा टोमॅटो

...आणि पाकिटावरच्या चित्रात सगळेच टोमॅटो मोठे असतात हो! सगळेच लालबुंद, सगळ्यांवर दवाचे थेंब! त्यातून एक निवडायचा म्हणजे माणसानं करायचं काय? तुम्हाला सांगते, बियांच्या दुकानात मी अर्धा तास उभी, हातात सोळा पाकिटं आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला पावाचा काप. हसू नका, माप होतं ते! एका चकतीत अख्खा काप झाकला पाहिजे, असा टोमॅटो हवा होता मला.

का म्हणजे? आमचे सासरे! जन्मभर भट्टीवर पाव भाजले त्यांनी, आणि आता आजारातून उठले ते तोंडाची चव घालवूनच. दोन घास, की ताट मागे. सदरा नुसता खुंटीला टांगल्यासारखा लोंबतोय अंगावर. डॉक्टर म्हणतात, "खातील ते द्या." अहो, खातील ते काय, तेच तर कळत नाही ना! एक दिवस आपणहून म्हणाले, "सूनबाई, भट्टीमागच्या परसात एक टोमॅटो व्हायचा... एका चकतीत अख्खा काप झाकायचा. तो खावासा वाटतो." म्हटलं, "कुठली जात, बाबा?" तर म्हणतात, "लाल. मोठा. नाव कशाला? त्याला काय हाक मारायचीय?"

झालं! मी देवापुढे उभी राहिले, म्हटलं, बाबांच्या तोंडाला चव येईपर्यंत माझ्या तोंडात टोमॅटो नाही. आमचे हे म्हणतात, "अगं, देवाला काय करायचाय तुझा टोमॅटो?" पण तुम्हीच सांगा, एवढं मागायचं आणि आपल्या आवडीचं काहीच सोडायचं नाही?

तर बियांवाला. "ताई, कापायचा की शिजवायचा? बुटकं झाड की काठीवर चढणारं?" आता मला काय, सगळ्याचंच कुतूहल! मोठे टोमॅटो तडकतात का हो? मोठ्यांत गर जास्त नि बिया कमी, असं का? तो सांगतोय, मी विचारतेय, मागे रांग वाढतेय... शेवटी रुमाल सोडला आणि काप ठेवला त्याच्यासमोर. "एका चकतीत हा अख्खा झाकला पाहिजे." तो बघतच राहिला. मग खालच्या खणातून बिनचित्राची पुडी काढली. "हा घ्या. तीन-चार महिने धीर धरा. आणि मोठा हवा तर झाडावर दोनच फळं ठेवा, बाकीची खुडा."

खुडा! एवढीएवढीशी हिरवी बाळं ती! मी रोज गॅलरीत जायची, कुंडीपुढे हात जोडायची, माफी मागायची आणि तशीच परत! एक दिवस मागून आवाज, "तुझी माफी मागून होईपर्यंत सगळ्या गोट्याच राहतील!" बघते तर बाबा! भिंत धरून उभे! त्यांनीच खुडली. दुसऱ्या दिवशी काठी बांधायला आले, मग रोजच यायला लागले. पण जेवताना? दोन घास, की ताट मागे.

अखेर पिकला बाई एकदाचा. केवढा! चकती कापली, पावावर ठेवली... चारी कडा झाकल्या हो! मीठ भुरभुरवून दिला बाबांच्या हातात. त्यांनी घास घेतला. डोळे मिटले. चावतायत... चावतायत... "कसा आहे, बाबा?" माझा सगळा जीव कानात. आणि डोळे उघडून म्हणतात काय, "सूनबाई, हा पाव कुठून आणलास? मधे कच्चा! मीठ कमी! ह्याला पाव म्हणतात?"

अहो, चव आली! कच्चा कळला, मीठ कळलं! मी आपली पदरानं डोळे पुसतेय, आणि बाबांनी पावाला नावं ठेवत ठेवत अख्खा संपवला, वर दुसरा मागितला! म्हणतात, "उद्या पीठ आण, मी मळून दाखवतो पाव."

"कुठलं आणू, बाबा?"

"पांढरं. चांगलं. नाव कशाला? त्याला काय हाक मारायचीय?"

दुकानात पिठाच्या बावीस पिशव्या आहेत, सगळ्यांवर तेच सोनेरी शेत! काय करणार? गेले देवापुढे, हात जोडले, टोमॅटो सोडवून घेतला... आणि त्यांचा पाव जमेपर्यंत पाव सोडून आले.