वरच्या पार्किंगमधल्या गाड्या

त्सुनामीची लाट येऊन गेल्याला काही महिने झाले होते आणि अणुवीज केंद्र पुन्हा सुरू करावं की नाही, यावरच्या जनसुनावणीसाठी सभागृहाबाहेर रांग लागली होती. शिलाईवाल्या बाई चांगलं खडसावून बोलायचं ठरवून, मनात वाक्यं घोकत उभ्या होत्या. पण पुढच्या नणंद-भावजयींचं बोलणं कानावर पडलं आणि त्यांचं घोकणं थांबलं.

"वहिनी, भूकंप होताच केंद्र आपोआप बंद झालं ना? मग दादा इतके दिवस आत काय करत होता?"

"अगं, ती काय चूल आहे, पाणी ओतलं की विझली? अणुभट्टी बंद केली तरी आतून धगधगतच राहते. सारखं पाणी फिरवावं लागतं."

"मग फिरवायचं की!"

"पंप विजेवर चालतात, आणि लाटेनं वीजच गेली."

"अगं बाई! अख्ख्या मुलखाला उजेड देणाऱ्याच्या घरीच अंधार?"

"पाणी मोजायचे काटेसुद्धा बंद. आत पाणी किती उरलंय, कुणालाच कळेना. मग सगळे वरच्या पार्किंगमध्ये धावले, आपापल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि जोडल्या. तेव्हा कुठे काटा हलला."

"दादानंही? मग पळायची वेळ आली असती तर?"

"ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही म्हणे."

"वर गाडी लावावी लागते म्हणून रोज कुरकुरायचा की गं तो!"

"खालचं पार्किंग साहेबांचं ना. त्या गाड्या तर समुद्रानं नेल्या."

"बाप रे… आत गेल्यावर काय सांगणार आहेस?"

"सांगणार नाही, विचारणार आहे. यांच्या नि सोबतच्या कामगारांच्या गाड्याही त्या दिवशी खाली असत्या तर?"