अकरा बेचाळीसचं लेकरू

(सासू गरोदर सुनेच्या बॅगेची चेन कर्रकन ओढते.)

तुळसाबाई: झाली बॅग. लेकराची दुपटी, टोपरं, तुझा गाऊन. तुझा नवरा विक्की गाडी घेऊन येऊनच राह्यला. ऊठ आता.

ममता: आत्याबाई, मले ना कळा, ना काही. डॉक्टरीणबाईनं वीस दिवस बाकी सांगितले. जायचं कुठं?

तुळसाबाई: यवतमाळले. विक्कीनं दुसरा दवाखाना पाह्यला. उद्या गुरुवार, अकरा बेचाळीसले लेकरू बाहेर पाह्यजे. महाराजानं कागदावर लिहून देलं.

ममता: पोट महाराजाचं आहे का?

तुळसाबाई: जीभ आवर. त्या टायमाचं लेकरू मोठं साहेब होते म्हणे.

ममता: खरं आहे. सारे साहेब अकरा बेचाळीसचेच असतील. म्हणूनच ऑफिसात बाराच्या आधी कोणी दिसत नाही.

तुळसाबाई: हास. शिकेल सून आहेस ना! आजकाल सारेच सिझर करतेत. अर्ध्या तासाचं तर काम.

ममता: भाजी करपली तरी तुम्ही म्हणता, ‘देवाच्या मनात होतं.’ आता त्याच्या मनात वीस दिवस आहेत, तर त्यालेच घाई करून राह्यल्या?

तुळसाबाई: देवानंच महाराजाले बुद्धी देली.

ममता: आणि लेकराले श्वास? आत्ता काढलं तर दम लागू शकते, काचेच्या पेटीत ठेवा लागंल, असं बाई म्हणे. म्हंजे साहेबाले पहिली केबिन तिथंच भेटंल.

तुळसाबाई: अभद्र नको बोलू! मी काय वैरीण आहो का त्याची? मले फक्त अर्पितासारखं नको.

ममता: अर्पितासारखं म्हंजे?

तुळसाबाई: पाच वर्सांपूर्वी तुझी पोरगी अमावस्येले जन्मली. तिसऱ्याच दिवशी तुझा सासरा ग्रामपंचायतीत पडला.

ममता: सतरा मतांनी. त्यातली बारा तर तुमच्या भावकीचीच फुटली. दोन किलोची पोरगी काय दारोदार प्रचार करत होती?

तुळसाबाई: …हॉर्न वाजला. आला विक्की.

ममता: येऊ द्या. ह्यायले सांगा, गाडी परत न्या. ज्या देवानं इतके दिवस पोटात सांभाळलं, तो वीस दिवस अजून सांभाळंल.

तुळसाबाई: अन् काही कमीजास्त झालं तर?

ममता: तर मले बोला. महाराजाले तोवर नवीन कागद घेऊन ठेवा म्हणा. …अर्पू? तू कवाची उभी आहेस दाराशी?

अर्पिता: आई, बाळाले सारे चांगला टाइम पाहून राह्यले. मंग मले काहून नाही देला?